बाटलीतला घोडा



हिरकणीवाडीचे नाव निघाले की पुढची गोष्ट कोणीही सांगू शकेल. कोजागिरीची रात्र, गडाचे बंद झालेले दरवाजे, घरी राहिलेले तान्हे मूल आणि कडा उतरून गेलेली गवळण. ती गोष्ट आपल्या शाळांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मी तिला हात लावीत नाही. मी आज त्याच वाडीच्या बांधावरून निघणारी एक दुसरी हकीकत सांगणार आहे. ती घोड्याची आहे. रायगडाच्या पायथ्याशी घोडा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे पागा उभी राहील, स्वारी उभी राहील. तसले यात काही नाही. हा घोडा बाटलीत असतो.

उन्हाळा सरत आला की आपल्याकडे राबाची घाई सुरू होते. कवळ, पातेरा, शेण, जे सापडेल ते भाताच्या रोपवाटिकेच्या जागी पसरून भाजायचे. त्या वेळी दगड उचलताना, लाकडाच्या मोळीत हात घालताना किंवा रात्री काळोखात ओटीवर पाऊल टाकताना लाल विंचवाची नांगी लागते. जाणत्या मोठ्या माणसाला वाटते, विंचूच तो, सोसू. पण मुलाच्या बाबतीत तासाभरात चित्र पालटते. भर वैशाखात हातपाय गार पडतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, आणि पुढे श्वास लागून तोंडाशी फेस येतो. पूर्वी याला उतारा होता तो मांत्रिकाचा. तोवर वेळ निघून जाई.

१९७६ साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर नेमणुकीवर आले. डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्यांचे नाव. जालना भागातल्या गरीब घरचा हा माणूस. विंचवाने मेलेल्या मुलांची गाऱ्हाणी त्यांनी इतरांसारखी वहीत नोंदवून बाजूला ठेवली नाहीत. ते रोग्याच्या उशाशी रात्ररात्र बसले, नाडी मोजली, रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली, आणि लिहून काढले. त्यांच्या ध्यानात आले की माणूस वेदनेने मरत नाही, हृदयावर पडलेल्या भाराने मरतो. विष अंगात शिरले की शरीर आपल्याच आतले उत्तेजक द्रव्य भरमसाट सोडते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते. ही निरीक्षणे १९८२ साली विलायतेच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली. महाडसारख्या ठिकाणाहून तिथे लेख जावा ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे रक्तदाबावरची 'प्राझोसिन' नावाची साधी गोळी या विंचूदंशावर चालते हे त्यांनी दाखवले, आणि १९८६ साली तेही त्याच नियतकालिकात आले. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांत तीस-चाळीस दगावत. तो आकडा एकाच्या घरात आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग घोडा कुठे आला? सांगतो. गोळीने हृदय सावरते, पण अंगातले विष तसेच राहते. विषाला धरून निकामी करणारे औषध निराळे, आणि ते घोड्याच्या रक्तातून मिळते. बावस्कर पतिपत्नींनी महाडलाच सत्तर रोग्यांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि विंचूविषावरचे सीरम. सीरम मिळालेले रोगी सरासरी आठ तासांत सावरले, नुसत्या गोळीवरचे सरासरी पावणेअठरा तासांत. ही चाचणी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे हिरकणीवाडीच्या बांधावर चावा बसलेल्या पोराच्या शिरेत महाडला जे औषध जाते, ते कुठल्या तरी तबेल्यातल्या घोड्याने दिलेले असते. नाग, मण्यार, घोणस आणि आपले कोकणचे फुरसे यांच्या विषावरील लसही तशीच. आपण तिला सवयीने 'सापाची लस' म्हणतो, वास्तविक ती घोड्याची.

हे औषध होते कसे, ते शिक्षकमित्रांना वर्गात सांगता येईल इतक्या सोप्या शब्दांत सांगतो. घोड्याला विषाची अगदी बारीक मात्रा टोचतात, त्याला अपाय होणार नाही इतकी. काही दिवसांनी थोडी अधिक, मग आणखी अधिक. घोड्याचे रक्त त्या विषाशी झुंजणारी द्रव्ये तयार करू लागते. काही महिन्यांत त्याच्या रक्तात ती भरपूर साठली की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. रक्त भांड्यात ठेवले तर लाल गाळ खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी सुटते. हेच सीरम, म्हणजे रक्तरस. औषधी गुण त्यात. अलीकडे लाल पेशी पुन्हा घोड्याच्या अंगात सोडतात, म्हणजे त्याला अशक्तपणा कमी येतो. घोडाच का, असे कोणी विचारील. कारण साधे. तो माणसाळलेला आहे, उभा राहतो, आणि त्याच्या अंगात तीस-पस्तीस लिटर रक्त असते. सशाच्या अंगातून किती निघणार?

ही युक्ती १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग हा जर्मन आणि कितासातो हा जपानी, अशा दोघांनी शोधून काढली. धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांच्या विषावर त्यांनी असे सीरम चालते हे दाखवले. चार-पाच वर्षांत फ्रान्सच्या काल्मेतने नागाच्या विषावर तोच प्रयोग केला. आपल्या देशात कसौलीच्या संशोधन संस्थेत विसाव्या शतकाच्या आरंभी सापाचे सीरम होऊ लागले, आणि पुढे मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेने ते काम हाती घेतले. हाफकिनचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला असतात. दक्षिण मुंबईला जाताना परळचे ते जुने गव्हर्नमेंट हाउस पुष्कळांनी पाहिले असेल. १८९९ साली तिथे प्लेगची प्रयोगशाळा उघडली.

एवढे सगळे गोड. पण रक्तातून औषध काढायचे म्हणजे रक्तात जे जे असेल ते सारे बाटलीत येण्याचा धोका पत्करायचा. हे शहाणपण माणसाला फुकट मिळाले नाही.

अमेरिकेत सेंट लुई गावात जिम नावाचा एक घोडा होता. पूर्वी तो दुधाची गाडी ओढीत असे. मग त्याला घटसर्पाच्या सीरमसाठी घेतले, आणि तीन वर्षांत त्याने तीसएक लिटर सीरम दिले. १९०१ च्या शरदात जिमलाच धनुर्वात झाला. त्याला २ ऑक्टोबरला मारावे लागले. पण त्याचे अखेरचे सीरम बाटल्यांत भरून गेलेले होते, आणि ते मुलांना टोचले गेले. घटसर्पातून वाचवायला आणलेली मुले धनुर्वाताने गेली. तेरा मुले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत अशा औषधांवर सरकारी देखरेखीचा कायदा झाला. लक्षात घ्या, जिम आजारी पडण्याआधीच त्याचे रक्त विषारी झालेले होते. बघणाऱ्याला घोडा धडधाकट दिसत होता.

आणि बरोबर एका वर्षाने आपल्या परळच्या बाटलीने तसाच घात केला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. ती लस मुंबईहून गेलेली होती. ती काही घोड्याची नव्हती, मांसाच्या काढ्यात प्लेगचे जंतू वाढवून मग ते मारून केलेली होती. पाच बाटल्या उघडल्या. चार बाटल्यांच्या लोकांना काही झाले नाही. पाचव्या बाटलीतली लस ज्यांना टोचली ते एकोणीस जण धनुर्वाताने मेले. लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन हे रशियन ज्यू. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत त्यांनी पहिली मात्रा स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. चौकशी समितीने खापर परळवर फोडले, आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट चौकशीत असूनही तिला वजन दिले गेले नाही. धनुर्वाताचे बीज मातीत असते, घोड्याच्या लिदीत तर भरपूर असते, आणि मुल्कोवालच्या जमिनीवर ते नसेल असे कोण म्हणेल? १९०७ साली मलेरिया डासांमुळे पसरतो याचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ उघडपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा आरोप उतरला. पुढे १९२५ साली त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले. माझ्या मते हे नाव देणे म्हणजे उशिरा मागितलेली माफी होती.

धनुर्वाताचा जंतू निदान दिसतो तरी. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची टाचणीसारखी आकृती ओळखता येते, तो बरणीत वाढवता येतो. जे दिसत नव्हते, वाढवता येत नव्हते, त्याची गोष्ट याहून लांबली, आणि तीत बळी गेला तो खुद्द घोडा.

दक्षिण आफ्रिकेत घोड्यांचा एक भयंकर रोग आहे. चिलटांसारख्या बारीक माश्यांच्या चावण्याने तो पसरतो, फुप्फुसे पाण्याने भरतात आणि घोडा दोन-चार दिवसांत मरतो. हा रोग १९६० साली भारतातही येऊन गेला. त्यावर उपाय शोधीत होते अर्नोल्ड थाइलर. जन्माने स्विस, शिक्षणाने पशुवैद्य. तरुणपणी शेतीच्या यंत्रात त्यांचा डावा हात गेला होता, आणि एका हाताने त्यांनी आयुष्यभर जनावरांची चिरफाड केली. प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपोर्टला त्यांची संस्था होती. त्यांची रीत अशी: निरोगी घोड्याला एकीकडे रोगाचे रक्त टोचायचे आणि त्याच वेळी दुसरीकडे रोगातून बचावलेल्या घोड्याचे सीरम टोचायचे. रोग हलका येऊन जातो, घोडा पक्का होतो.

घोडे पक्के झाले. आणि मग काही आठवड्यांनी त्यातले काही घोडे भलत्याच आजाराने मरू लागले.

हा आजार ज्याने पाहिला तो विसरत नाही, असे पशुवैद्य सांगतात. घोडा चारा सोडतो. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या होतात. लघवी गडद तपकिरी होते. मग तो भिंतीला डोके लावून रेटीत उभा राहतो, गोल गोल फिरतो, दिसेनासे झाल्यासारखा दाराला धडकतो. ज्या मालकाच्या हातून तो रोज चंदी खात होता त्यालाच ओळखेनासा होतो. बहुधा दोन-तीन दिवसांत आडवा पडतो. एकदा लक्षणे दिसली की निम्म्याहून अधिक घोडे वाचत नाहीत. चिरून पाहिले तर यकृत आक्रसलेले, लिबलिबीत, भांडी पुसायच्या ओल्या फडक्यासारखे. यकृत म्हणजे काय ते सांगायला नको. बकऱ्याची कलेजी म्हणून आपण जे आणतो तेच. अन्नातून तयार होणारा अमोनिया गाळून काढणे हे त्याचे एक काम. ते काम बंद पडले की तो मेंदूत चढतो, आणि घोडा वेड्यासारखा वागतो. म्हणजे वेड डोक्यात दिसते, रोग पोटात असतो.

थाइलर यांनी हे १९१८ साली लिहून ठेवले. इतर कुठल्याही लशीपेक्षा, ज्यात घोड्याचेच सीरम होते अशा टोचण्यानंतर हा आजार येतो, हे त्यांच्या नोंदींवरून दिसत होते. तेव्हापासून या दुखण्याला थाइलरचा रोग म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत घोड्यांना मेंदूज्वराची साथ आली. तिथेही सीरम दिले गेले, आणि तिथेही साथ संपल्यावर काही आठवड्यांनी घोडे काविळीने गेले. पुढे धनुर्वाताच्या सीरमनंतरही हेच घडते असे दिसले. आणि धनुर्वाताचे सीरम तर घोड्याला नेहमी लागते. नालेचा खिळा रुतला, खुरात तार घुसली, की टोच सीरम.

इथे एक विलक्षण योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. अर्नोल्ड थाइलर यांचा मुलगा मॅक्स पुढे न्यू यॉर्कला गेला आणि त्याने पिवळ्या तापाची लस शोधली. तिच्यासाठी त्याला १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही लस टिकाऊ व्हावी म्हणून तीत माणसाचे सीरम मिसळीत असत. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकी सैनिकांना सरसकट टोचली गेली. १९४२ साली छावण्यांतून कावीळ उसळली. पन्नास हजारांच्या आसपास सैनिक दवाखान्यात गेले. सीरम देणाऱ्या माणसांपैकी कोणाच्या तरी रक्तात कावीळ होती. आज आपण तिला हेपटायटिस बी म्हणतो. बापाने घोड्यांत पाहिलेली गोष्ट चोवीस वर्षांनी मुलाच्या लशीतून माणसांत घडली. त्याच वर्षी लशीतून सीरम काढून टाकले आणि प्रश्न मिटला. माणसांच्या काविळीचा विषाणू १९६० नंतरच्या दशकात सापडला, रक्तपेढीत त्याची तपासणी सुरू झाली. घोड्यांच्या काविळीचा विषाणू मात्र तसाच अंधारात राहिला.

का राहिला, याची कारणे आहेत. एक तर सीरम टोचलेल्या शेकडो घोड्यांपैकी मोजकेच आजारी पडत. दुसरे, टोचणे आणि कावीळ यांमध्ये चार ते दहा आठवड्यांचे अंतर. पावसाळ्याच्या तोंडी टोचलेला घोडा गणपतीत आजारी पडला तर मालकाला ती सुई आठवेल का? तिसरे, संशयित सीरम मुद्दाम दुसऱ्या घोड्याला टोचून पाहिले तर पुष्कळदा काहीच होत नसे. आणि चौथे, एखाद्या तबेल्यात सीरम न टोचलेला घोडाही तसाच मरे. मग म्हणत, विषारी गवत खाल्ले असेल. पण यांखेरीज आणखी एक कारण मला वाटते, ते शास्त्रज्ञ लिहीत नाहीत. घोड्याची कावीळ माणसाला लागत नव्हती. लागती तर शंभर वर्षे लागली नसती.

हो, शंभरच वर्षे. २०१० नंतर रक्तातल्या कुठल्याही विषाणूची जनुके वाचून काढण्याची यंत्रे स्वस्त झाली. तेव्हा घोड्याच्या रक्तात एकामागून एक अनोळखी विषाणू निघाले. माणसाच्या हेपटायटिस सी विषाणूचा एक भाऊबंद सापडला. २०१३ साली आणखी एक सापडला, आणि हाच थाइलरच्या रोगाचा गुन्हेगार असे जाहीर झाले, त्याला नावही तसेच दिले गेले. पुढच्या तपासात तो निर्दोष ठरला. तो यकृतात नव्हे, हाडांच्या मगजात राहतो असे निघाले. हाफकिन यांची आठवण येते, नाही का? फरक इतकाच की विषाणूला पदावरून काढावे लागले नाही.

खरा धागा हाती लागला तो नेब्रास्कात. एक घोडा धनुर्वाताचे सीरम टोचल्यानंतर दोनेक महिन्यांनी काविळीने मेला. त्याच्या यकृतात आणि रक्तात एक नवाच, अत्यंत लहान विषाणू सापडला. तो पार्वो नावाच्या कुळातला. मग संशोधकांनी त्याला टोचलेल्या सीरमची बाटली तपासली. तीत तोच विषाणू होता. मग ते सीरम दोन निरोगी घोड्यांना टोचले. दोघांच्याही रक्तात विषाणू वाढला, दोघांच्याही यकृताला सूज आली. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. थाइलर यांच्या नोंदीला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी सीरम किंवा तसल्या औषधानंतर थाइलरचा रोग झालेल्या अठरा घोड्यांचे नमुने तपासले गेले, आणि अठराच्या अठरा नमुन्यांत हा विषाणू निघाला.

या शोधातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मला वेगळाच वाटतो. त्याच संशोधकांनी शंभर धडधाकट घोड्यांचे रक्त तपासले होते. काही न होता हिंडणाऱ्या त्या शंभर घोड्यांपैकी तेरांच्या रक्तात विषाणू होता. म्हणजे ज्या घोड्यांना तो लागतो, त्यांतल्या बहुतेकांत तो राहतो, जातो, आणि कोणाला पत्ता लागत नाही. मधूनच एखाद्याचे यकृत तो वितळवून टाकतो. आता सीरम करण्याची रीत आठवा. एका घोड्याचे सीरम एका बाटलीत, असे नसते. पुष्कळ घोड्यांचे रक्त एका मोठ्या भांड्यात एकत्र करतात आणि त्यातून शेकडो बाट्या भरतात. दहा घोड्यांच्या भांड्यात एक बाधित असला तरी सगळे भांडे बाधित. गावच्या डेऱ्यात एका घरचे नासके दूध पडावे तसे. जिमच्या वेळी जे झाले तेच. घोडा धडधाकट दिसत होता.

शिवाय हा विषाणू चिवट आहे. सीरम नासू नये म्हणून त्यात फिनॉल घालतात. त्याने जंतू मरतात. पण पुष्कळ विषाणूंभोवती जे चरबीचे नाजूक कवच असते ते या पार्वो कुळाला नाहीच. कवच असलेला विषाणू औषधी पाण्याने विरघळतो. हा तसाच राहतो. त्यामुळे बाटली शुद्ध करण्यापेक्षा रक्त घेण्याआधीच घोडा तपासणे हाच खरा मार्ग, आणि अमेरिकेत आता सीरमसाठी पाळलेल्या घोड्यांचे रक्त या विषाणूसाठी तपासले जाते.

सीरम देणाऱ्या घोड्यांची आणखी एक कहाणी आहे. तिचा विषाणूशी संबंध नाही, पण सांगायला हवी. वर्षानुवर्षे ज्यांना विष टोचून रक्त काढले जाते, अशा काही घोड्यांच्या यकृतात अमिलॉइड नावाचा मेणासारखा पदार्थ साठत जातो. यकृत फुगते, ठिसूळ होते, आणि एखाद्या दिवशी पोटातच फुटते. पशुवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत या दुखण्याचे उदाहरण म्हणून सीरमचे घोडेच दिलेले असतात. माणसाने घोड्याला लढाईवर नेले, टांग्याला जुंपले, शर्यतीत पळवले; त्या सगळ्यांची चित्रे आहेत, पुतळे आहेत. तबेल्यात उभे राहून माणसासाठी रक्त देणाऱ्या घोड्याचा पुतळा माझ्या पाहण्यात नाही.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो यावाच. घोड्याच्या सीरमने घोड्याला कावीळ होते, तर महाडच्या दवाखान्यात तेच सीरम घेतलेल्या माझ्या मुलाला काय? याचे उत्तर स्पष्ट आहे. हा विषाणू घोड्याचा; त्याने माणसाला कावीळ झाल्याचे कुठेही आढळलेले नाही. शिवाय माणसासाठीचे सीरम जसेच्या तसे देत नाहीत. पाचक रसाने त्यातली द्रव्ये तोडून, गाळून, हवा तेवढाच भाग ठेवतात. माणसाला घोड्याच्या सीरमचा त्रास होतो तो निराळा. काहींना लगेच अंगावर गांधी येतात, घसा आवळतो, क्वचित रक्तदाब एकदम उतरतो. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी येते. म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचे, डॉक्टर अॅड्रेनॅलिनची सुई हाताशी ठेवूनच ते देतात. या भीतीने कोणी साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला घरी ठेवील तर तो मांत्रिकाच्या काळात परत गेला असे समजावे. भारतात या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत सर्पदंशाने दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मेली. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती.

घोडेवाल्यांसाठी मात्र गोष्ट वेगळी आहे. आपल्याच जिल्ह्यात माथेरानला मोटारी चढत नाहीत, आणि शेकडो कुटुंबांचे पोट घोड्यावर आहे. महाड-पोलादपूरकडेही लग्नावराती-जत्रांतून घोडे येतात. घोड्याला धनुर्वात इतर जनावरांपेक्षा लवकर होतो, तेव्हा त्याला संरक्षण हवेच. पण धनुर्वातावर दोन सुया आहेत आणि त्यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. एक सीरम, म्हणजे दुसऱ्या घोड्याचे रक्त. ते लगेच लागू पडते आणि थोड्या आठवड्यांत संपते. दुसरी लस, म्हणजे धनुर्वाताचे विष फॉर्मॅलिनने निर्विष केलेले. तिच्यात रक्त नाही, म्हणून हा विषाणूही नाही. ती हळूहळू लागू पडते आणि पुष्कळ टिकते. ज्या घोड्याला वेळच्या वेळी लस दिलेली आहे, त्याला खिळा रुतला तर पशुवैद्य बहुधा लशीचाच आणखी एक डोस देतात. सीरमची गरज पडत नाही. ज्याला लस कधीच दिली नाही, त्याला जखम झाल्यावर सीरम द्यावेच लागते, ते टाळून चालणार नाही. अशा वेळी बाटलीवरचा क्रमांक आणि टोचल्याची तारीख लिहून ठेवायची. तबेल्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिली तरी चालेल. तिथून पुढे तीन महिने दर आठवड्याला घोड्याचा ओठ वर करून हिरडीचा रंग बघायचा, आणि लघवी चहासारखी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याला ती तारीख दाखवायची.